निवळ आलं की चिमटा

आमच्या शेडमध्ये माल रिजेक्ट झाला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणासाठी चार चौकोन आहेत: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. इतकी वर्षं मी तो फॉर्म भरते आहे, पण पहिला चौकोन सोडून दुसरीकडे टिक झालेली क्वचितच पाहिली. मशीनला दोष दिला तर मशीन विकणारा चिडतो. मटेरियलला दिला तर खरेदीवाला तोंड फिरवतो. मेथड ही साहेबांनी ठरवलेली, तिला कोण हात लावणार? राहता राहिला माणूस. तो चिडला तरी त्याला विचारतं कोण!

एकदा अशा एका फॉर्मवर मी सही केली नाही. शेडमधले काही जण अजून म्हणतात, बाईने उगाच ताणलं, मामला मिटला होता. म्हणोत. मिटला होता आणि मिटवला होता यात फरक असतो, आणि तो फरक मला कळतो.

आमची शेड अंबडच्या एमआयडीसीत आहे. आम्ही रेल्वेच्या डब्यांच्या आतली पॅनेलं बनवतो. खिडकीभोवती जो गुळगुळीत पांढरा पत्रा दिसतो, तो पत्रा नसतोच मुळी. ते असतं काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेलं. साच्यावर त्या कापडाचे डझनभर थर अंथरायचे, वर प्लास्टिकची पिशवी चिकटवायची आणि एका टोकाला पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. मग दुसऱ्या टोकाची नळी रेझिनच्या बादलीत सोडली की कापड स्वतःच रेझिन ओढायला लागतं. याला आमच्याकडे ‘पाजणं’ म्हणतात. आज किती पाजली, दोन पाजली, एक पाजायचं राहिलंय, अशी आमची भाषा. बादलीकडची बाजू म्हणजे तोंड, पंपाकडची म्हणजे शेपूट. ओल तोंडाकडून शेपटाकडे सरकत जाते आणि शेपटाच्या नळीतून रेझिन बाहेर येऊ लागलं की त्या नळीला चिमटा लावून ती बंद करायची.

बादली कालवण्याचं काम मावशीचं. ती मूळची पेठकडची, डोंगरातली. आता पंचवटीच्या पलीकडे पेठ रोडला राहते आणि दोन रिक्षा बदलून कामाला येते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणते आणि मी तिला मावशी. आधी ती द्राक्षाच्या बागांमध्ये होती. घड ज्या औषधात बुडवतात ते कालवण्याचं काम तिच्याकडे असायचं, ग्रॅमवर मोजून. अक्षरं तिला जेमतेम येतात, आकडे मात्र पक्के. काट्यावर वजन केलेल्या प्रत्येक पिशवीमागे ती भिंतीवर खडूची एक रेघ ओढते, आणि त्या रेघा पुसायची कोणाची हिंमत नाही.

सुरुवातीला आमचं रेझिन नुसतं असायचं, पातळ मधासारखं. मग गिऱ्हाइकाची मागणी आली की पॅनेलने आग धरता कामा नये. त्यासाठी रेझिनमध्ये एक पांढरी पावडर मिसळायची असते. ज्वाळा लागली की ती पावडर पाणी सोडते आणि आग विझते. बादली मधाच्या रंगाची होती ती दुधासारखी झाली. बाकी सगळं तेच राहिलं.

काही महिने माल कोणी जाळून न बघता गेला. मग एका लॉटमधल्या पॅनेलची पट्टी गिऱ्हाइकाने आपल्या प्रयोगशाळेत जाळून पाहिली आणि ती भडभडा पेटली. उरलेलं पॅनेल लाल टेप लावून आमच्याकडे परत आलं. टेपवर लिहिलं होतं, हात लावू नये.

साहेबांनी दोन मिनिटांत निकाल दिला. पावडर कमी पडली. कमी का पडली? बाईने नीट मोजली नाही.

“मॅडम, ती अंदाजाने पिशव्या उलट्या करते,” ते मला म्हणाले. मी क्वालिटी बघते, म्हणून मॅडम. “उद्यापासून तुम्ही स्वतः काट्यापाशी उभ्या राहा.”

मी उभी राहिले. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मलाही शंका आली होती. इतकी वर्षं जिच्या डब्यातली नागलीची भाकरी मी खाल्ली, तिच्या हाताकडे मी दोन दिवस पहारेकऱ्यासारखी बघत होते. तिला ते कळलं होतं. प्रत्येक पिशवी ठेवली की काट्याचं तोंड माझ्याकडे वळवायची आणि म्हणायची, “बघा ताई.” मी आकडा बघायचे. आकडा दर वेळी बरोबर असायचा. असा बरोबर आकडा अंगावर येतो.

माझ्या डोळ्यांसमोर मोजलेल्या त्या बादलीचं पॅनेल आम्ही पाजलं, त्याची पट्टी पाठवली, आणि तीही पेटली.

मला वाटलं, झालं, सुटली मावशी. आता तरी मोजमापाचा संशय जाईल. पण साहेबांची गाडी एकाच रुळावर धावत होती. ते म्हणाले, तुमची नजर चुकवून तिने हात मारला असणार. दुपारी मावशीच्या हातात मेमो पडला आणि तोंडी सांगितलं गेलं की शनिवार शेवटचा दिवस. तो बुधवार होता.

मेमो तिने मला वाचायला दिला. मी वाचला. “मोजमापात हलगर्जीपणा.”

“हलगर्जी म्हंजी काय वो?”

मी सांगितलं. तिने कागदाची नीट घडी केली, घडीवर घडी, आणि पोलक्यात ठेवला.

“बागंत औषध मीच कालवायची,” ती म्हणाली. “येक चिमूट जादा पडली तर घड करपून जायचा. तिथं बारा बागायतदार पाह्यले मी, लय खवट मानसं. पन हलगर्जी कोनी म्हनलं नाय मला. काम गेलं तर दुसरं बघीन ताई. ह्यो कागुद कुठं ठिवू?”

संताप साहेबांचा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

गुरुवारी एक पॅनेल पाजायचं होतं. कामाची माणसं कमी, म्हणून बादली कालवून झाल्यावर मावशी नेहमीसारखी शेपटाकडे जाऊन बसली, हातात चिमटा घेऊन. मी तोंडाकडे होते. ओल सरकत सरकत टोकाला पोचली आणि तिने हाक मारली, “ताई, निवळ आलं.”

हे शब्द मी हजारदा ऐकले असतील. आमच्या शेडमध्ये ती खूण होती. शेपटाच्या नळीतून आधी बुडबुडे येतात, फेस येतो, आणि मग निवळ रेझिन येतं. निवळ आलं की चिमटा. निवळ म्हणजे आत हवा उरली नाही, माल पक्का. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचं. मावशीलाही शिकवलं होतं, मीच.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तो मेमो घोळत होता, म्हणून मी उठून जवळ गेले आणि नळी बघितली. नळीत मधाच्या रंगाचं रेझिन होतं. स्वच्छ, आरपार दिसणारं. मी वळून तोंडाकडे बघितलं. तिथे बादलीत दूध होतं.

आणि मला आठवलं. काही महिन्यांपूर्वी, पावडर नवी नवी सुरू झाली तेव्हा, हीच मावशी हसत मला म्हणाली होती, “ताई, दूध घातलं नि पानी कसं आलं?” मी तिला वेड्यात काढलं होतं. म्हटलं, मावशी, निवळ येणं चांगलं असतं, तुम्ही चिमटा लावा. तिने लावला होता.

माझं माहेर सायखेड्याचं, गोदेच्या काठावरचं. नदीला गढूळ पाणी आलं की आई हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चौपदरी घडी बांधायची आणि वरून कळशी ओतायची. गढूळ पाणी वर, निवळ पाणी खाली. गाळ कुठे जायचा? फडक्यावर. तिसऱ्या-चौथ्या कळशीला फडक्यावर लाल लोण्यासारखा थर बसायचा आणि पाणी थेंबाथेंबाने गळायला लागायचं. मग आई फडकं उलटं करून दगडावर आपटायची. “निवळ आलं का गं?” ती मला विचारायची आणि मी हंड्यात डोकावून सांगायचे. सहा-सात वर्षांची असताना मला जे कळत होतं, ते क्वालिटीच्या खुर्चीत बसून कळलं नाही.

आईचं फडकं चार पदरी होतं. आमचं डझनभर पदरी, काचेच्या दाट धाग्यांचं, आणि ओल त्यातून हातभर नाही, चांगली पुरुषभर लांब सरकते. ते कापड पावडर गाळत होतं. तोंडाकडेच सगळा गाळ धरून बसत होतं आणि शेपटाकडे नुसतं रेझिन सोडत होतं. प्रयोगशाळेची पट्टी दर वेळी शेपटाकडून कापली जायची, कारण तिकडची कड तशीही कापून टाकायची असते. मावशीने मोजलेली पावडर अगदी ग्रॅमवर त्या पॅनेलमध्येच होती. फक्त ती जिथे शोधली जात होती तिथे नव्हती.

आणि ती शेपटाकडे पोचत नाही हे दर वेळी नळीतून दिसत होतं. आम्ही ते बघून खूश व्हायचो आणि चिमटा लावायचो.

साहेबांना जाऊन सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लेखी द्या, बघू. शनिवार दोन दिवसांवर होता. म्हणून मी लेखी दिलं नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी ते लाल टेपवालं पॅनेल बाहेर ओढलं, कटर घेतला आणि तोंडापासून शेपटापर्यंत त्याच्या सात पट्ट्या पाडल्या. टेपसकट. काचेच्या धुळीने पुढे दोन दिवस अंग खाजत होतं. पट्ट्यांवर आकडे टाकले, अंगणात वाळूच्या घमेल्यात ओळीने उभ्या केल्या आणि गॅसची टॉर्च पेटवली. तोवर सगळी शेड डबे हातात घेऊन भोवती जमली होती.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. “मॅडम! ते सील केलेलं पॅनेल आहे! कोणाला विचारून कापलंत?”

“कोणालाच नाही. आता कापलंय, तर बघून घ्या.”

पहिल्या पट्टीवर ज्वाळा धरली. ती काळवंडली, पण टॉर्च काढल्याबरोबर विझली. दुसरी तशीच. तिसरीही. चौथी थोडी रेंगाळली, मग विझली. पाचवीवर निळसर ज्योत धावत राहिली. सहावी पेटली आणि पेटती राहिली. सातवीने टॉर्च टेकताच असा भडका घेतला की पुढे उभी असलेली माणसं मागे सरली, आणि काळा धूर पार शेजारच्या शेडवर गेला. मी वाळू टाकून ती विझवली.

“एकच पॅनेल आहे साहेब,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला गरज वाटली नाही. “एकच बादली, एकच हात. बाईने पावडर कमी घातली असती तर सातही पट्ट्या सारख्या पेटल्या असत्या. का तिने तोंडाकडची इमानाने घातली आणि शेपटाकडची तेवढी चोरली?”

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते खाली बसले, पहिली आणि सातवी पट्टी हातात घेऊन न जळलेल्या बाजूच्या कडा न्याहाळल्या. पहिलीची कड खडूसारखी पांढरी होती, सातवीची पिवळसर. साहेब मूर्ख नाहीत, हे मी इथे लिहून ठेवते. त्यांना तिथल्या तिथे कळलं. “कापड फिल्टर करतंय,” ते स्वतःशीच म्हणाले आणि आत निघून गेले.

दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झालं, असं आम्हाला वाटलं. खरी कुस्ती पुढेच होती.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. पावडर आणखी बारीक मागवू म्हणाले, कापडाच्या फटीतून निघून जाईल अशी. नळी टोकाला न लावता मधोमध लावू, म्हणजे अंतर निम्मं होईल. सगळं बरोबर बोलत होते. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. मटेरियलवर टिक होती. माणसावरही होती. पुढे लिहिलं होतं, कामगारास समज देऊन पुन्हा प्रशिक्षण दिले.

“हे कशाला?”

“अहो, गिऱ्हाइकाला लागतं. माणूस रिकामा सोडला तर ते शंभर प्रश्न विचारतात. बाईंना कामावरून काढत नाही, झालं ना? तुम्ही सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“मेमोचं काय?”

“असू दे फाईलमध्ये. कोण बघतंय?”

चहा कडक होता, मी संपवला. मला कळत होतं की इथे थांबलं तर सगळ्यांचं भलं आहे. नोकरी वाचली, माल सुधारेल, साहेबांचा मान राहील. चोर सोडून संन्याशाला सुळी देणार होते, आता नुसतं सुळाजवळ उभं करून सोडून देत होते, आणि त्याबद्दल आम्ही आभार मानायचे होते. पण बुधवारी तिने मला विचारलेला प्रश्न होता ना, ह्यो कागुद कुठं ठिवू. त्याचं उत्तर या फॉर्मवर कुठेच नव्हतं.

मी म्हणाले, “साहेब, गिऱ्हाइकाला माणूस हवा असेल तर खरा माणूस देऊ.”

दुसरा कोरा फॉर्म घेतला. मटेरियल आणि मेथडवर टिक केली. माणसावरही केली आणि पुढे लिहिलं: ‘निवळ रेझिन आल्यावर नळी बंद करायची हे मी शिकवले. पावडर सुरू झाल्यावर ही खूण चुकीची ठरली. मिसळणाऱ्या कामगाराने ते मला वेळेवर सांगितले होते. मी ऐकले नाही.’ खाली सही केली, पूर्ण नावाने.

“याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण,” साहेब म्हणाले. “कशाला अंगावर घेता?”

“माझं आहे म्हणून घेते. तिचं नाही म्हणून तिच्यावर घालू देत नाही.”

शेवटी त्यांनी माझाच फॉर्म पाठवला. आणि झालं काय? शनिवारी सकाळी गिऱ्हाइकाच्या माणसाचा फोन आला आणि त्याने फक्त एवढंच विचारलं की नवी पावडर किती बारीक असणार. माणसाच्या चौकोनाबद्दल चकार शब्द नाही. ज्या रकान्यासाठी एका बाईला कामावरून काढणार होते, तो कोणी वाचतसुद्धा नव्हतं.

शनिवार म्हणजे मावशीचा शेवटचा दिवस ठरलेला. आता तो नव्हता, तसं तिला सांगितलंही होतं. सकाळी ती आली आणि कामाला न लागता सरळ केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्या दाराची पायरी चढलेली मी पाहिली नव्हती. मी आत साहेबांसमोर बसले होते. पोलक्यातून घडी काढून तिने टेबलावर ठेवली.

“ताईंनी पट्ट्या जाळून दाखवल्या,” ती म्हणाली. “आता ह्यो बी जाळा.”

“अहो बाई, ही तुमची कॉपी आहे. फाडून टाका हवं तर. आमची फाईलला लागलीय.”

“मंग ती काढा.”

“तसं काढता येत नाही.”

“लावता आली ना? मंग काढता बी येती.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मी बोलले असते तर ते माझं भांडण झालं असतं, आणि हे माझं नव्हतं. मावशी हलली नाही. तिने आवाज चढवला नाही, पदर डोळ्यांना लावला नाही. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत ती जशी थांबते, तशी थांबली. शेवटी कपाट उघडल्याचा आवाज आला.

दोन्ही कागद घेऊन ती अंगणात आली. वाळूच्या घमेल्यात ठेवले आणि टॉर्च मागितली. मी पेटवून दिली. टॉर्च तिने स्वतःच्या हाताने धरली. राख झाली तेव्हा पायाने वाळू सारून तिने ती झाकली, नळावर हात धुतले आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात नव्या पावडरचा नमुना आला, तो पाजून बघायचा होता. मावशीने पहिली पिशवी काट्यावर ठेवली आणि सवयीने काट्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. “बघा ताई.”

मी बघितलं नाही. दोन्ही हातांनी काटा धरून त्याचं तोंड पुन्हा तिच्याकडे फिरवलं. मग चिमटा उचलला आणि पांढरं यायची वाट बघत शेपटाकडे जाऊन बसले.